बाबांचा चिनी बाजार

आमच्या अलिबागकडे मासे आणायचं काम पुरुषाचं. साफ करायचे, कापायचे, शिजवायचे ते बायकांनी. पण बाजारात जाऊन टोपलीसमोर उकिडवं बसायचं, कल्ला उचलून आत लाल आहे का बघायचं, कोळणीशी दोन शब्द भांडायचं आणि मासा घरी आणायचा, हे घरातल्या कर्त्या माणसानं. माझे बाबा तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. साहेबासमोर त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे म्हणे, पण मासळी बाजारात त्यांचा दरारा होता. एखादी कोळीण शिळा बोंबील पुढे सरकवायला लागली की शेजारची तिला कोपरानं ढोसायची, "ए, त्यांना नको, ते बघतात." हे मी लहानपणी माझ्या कानांनी ऐकलंय आणि मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

आई गेली तेव्हा मी नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीला होते. नवरा आणि मी दोघंही आयटीत, दोघंही व्हिसावर, मुलगी चार वर्षांची. दिवसकार्य आटपून मी परत आले आणि मग काही महिन्यांनी गावच्या शेजारच्या मावशींचा फोन आला. "तुला सांगू नको म्हणालेत, पण मी सांगते. तुझे बाबा बाजारात जायचे बंद झालेत. रात्री चहा-खारी खाऊन झोपतात. मी विचारलं, तर म्हणाले, आणून देऊ कुणाकडे?"

त्या वाक्यानं माझी झोप उडाली. मी ठरवलं की बाबांना एकटं ठेवायचं नाही. आम्ही स्वतःच व्हिसावर, त्यामुळे त्यांना कायमचं आणणं शक्य नव्हतं, पण दर वर्षी सहा महिने इथे, सहा महिने तिथे, असं तर करता येत होतं. हिवाळा-उन्हाळा इकडे, पावसाळ्याच्या तोंडाशी परत. नवरा पुण्याचा, घरात वरण-भात-भाजीवर वाढलेला, पण माणूस चांगला. लगेच हो म्हणाला. बाबा मात्र फोनवर एवढंच बोलले, "एकदा येऊन बघतो. जमलं तर जमलं."

म्हणजे आता जमवणं माझ्याकडे आलं.

दोन हजार तीनच्या जानेवारीत बाबा आले. कॅरी म्हणजे काय, घरं, झाडं आणि रस्ते. चालत जाण्याजोगं काही नाही. बाबा सकाळी कोट घालून पोस्टाच्या पेटीपर्यंत जायचे आणि परत यायचे. मग दिवसभर खिडकीशी. जेवायला बसले की "पुरे" हा एकच शब्द. मी त्यांना आमच्या नेहमीच्या अमेरिकन सुपरमार्केटात घेऊन गेले, म्हटलं मासे बघून तरी खूश होतील. काचेमागे बर्फावर गुलाबी, पांढरे तुकडे लावलेले. बाबांनी खूप वेळ बघितलं. मग मला विचारलं, "डोकी कुठायत?"

"इथे डोकी काढूनच विकतात, बाबा."

"अगं, माणूस ओळखायचा तर तोंड बघतात. ह्याला तोंडच नाही. कधी मेला, कशानं मेला, काय कळणार?" असं म्हणत त्यांनी काचेवरून हात आत घातला आणि एक तुकडा बोटानं दाबला. पलीकडचा मनुष्य "सर! सर!" करत धावला, त्यानं तो तुकडा चिमट्यानं उचलून फेकून दिला आणि हातमोजे बदलले. बाबांनी खिशात हात घातले. त्यानंतर ते म्हणायला लागले, वरण-भातच बरा, ह्या वयात पचायलाही हलका. माशाचं नाव काढलं की विषय बदलायचे.

ऑफिसात माझ्या शेजारी एक बंगाली बाई बसायची. तिला माझं रडगाणं ऐकवलं तर ती म्हणाली, "अरे यार, फिश चाहिए तो चायनीज मार्केट जाओ, और कहाँ?" मी त्या दुकानात आलं-कोथिंबीर आणायला पूर्वी एक-दोनदा गेले होते, पण मागच्या बाजूला कधी गेले नव्हते. नवऱ्याला त्या वासानं मळमळायचं, म्हणून आम्ही पुढच्या पुढे परत यायचो.

एका शनिवारी मी बाबांना गाडीत घातलं. दुकानाच्या पाटीवरची अक्षरं बघून बाबा गाडीतून उतरेचनात.

"हे चिन्यांचं?"

"हो."

"मग तू जा. मी इथे बसतो."

"का?"

"बासष्ट विसरलीस? माझ्या आईनं हातातली सोन्याची पाटली काढून दिली होती तेव्हा. मी स्वतः घरोघर वर्गणी गोळा करत हिंडलो. त्यांच्या दुकानात मी पाऊल टाकायचं?"

मी एकतर आठवडाभराची दमलेली, त्यात हे. मी म्हटलं, "बाबा, पापलेट कुठल्या सैन्यात होता?"

बाबा रागावले. पण पापलेटचं नाव काढल्यामुळे असेल, उतरले.

ते दुकान कसं होतं ते सांगते, कारण पुढे ज्यांनी ज्यांनी त्याबद्दल मतं दिली त्यातल्या फारच थोड्यांनी ते पाहिलं होतं. पुढे भाज्यांचे ढीग, मध्ये नूडल्स आणि बाटल्या, आणि सगळ्यात मागे मासळी. फरशी ओली, कारण तिच्यावर सतत पाणी मारत होते. भिंतीला काचेच्या टाक्या, त्यांत जिवंत मासे. एका पिंपात खेकडे, एका बादलीत बेडूक. समोर बर्फावर डोक्या-शेपटीसकट आख्खे मासे उघड्यावर मांडलेले, आणि गिऱ्हाइकं हातात प्लास्टिकची पिशवी चढवून ते उचलून उचलून बघत होती. रबरी एप्रन घातलेला एक दांडगा माणूस मागच्या लाकडी ठोकळ्यावर मासे कापत होता. वास येत होता, येणारच.

बाबा उंबऱ्याशी थांबावं तसे तिथे थांबले. नाकानं श्वास घेतला. "वास येतोय," ते म्हणाले. तक्रार नव्हती ती. मग पुढे होऊन त्यांनी पहिल्या माशाचा कल्ला उचलला. कुणी "सर" म्हणालं नाही. दुसरा उचलला, तिसरा उचलला. एका मोठ्या माशापाशी थबकून मला हाक मारली. "इकडे ये. हा बघ. जिताड्याचा मावसभाऊ!"

जिताडा म्हणजे आमच्याकडचा मानाचा मासा, जावयाला, व्याह्यांना द्यायचा. ह्या माशाच्या अंगावर काळे पट्टे होते, पण घडण तीच. बाबा तो खाली ठेवून दुसऱ्याशी तुलना करायला वळले, तेवढ्यात शेजारच्या एका म्हाताऱ्या चिनी बाईनं तो पटकन उचलून स्वतःच्या पिशवीत टाकला. हा माणूस बघून घेतोय म्हणजे त्यानं हातात धरलेला मासा चांगलाच असणार, हे तिला कळलं होतं. बाबा चिडले. "ओ बाई, तो मी बघितलेला!" चक्क मराठीत. तीही तिच्या भाषेत काहीतरी फाडकन बोलली. दोघांची चांगली जुंपली. मी मध्ये पडायला गेले तर बाबांनी मला हातानं मागे सारलं. दोन महिन्यांत त्यांचा आवाज एवढा मोठा मी ऐकला नव्हता. गाडीत बसल्यावर ते मला म्हणाले, "बाई हुशार आहे हं." त्या दिवशी त्यांनी तीनदा भात घेतला.

मग दर शनिवार ठरून गेला. शुक्रवारी रात्रीच कापडी पिशवी दाराला अडकवलेली असायची. सकाळी इस्त्रीचा शर्ट, दाढी, आणि मी चहा पीत असले की दाराशी येरझाऱ्या. "उशिरा गेलं की उरलेसुरले मिळतात" हे मला ऐकवत. माझ्या मुलीलाही त्यांनी कल्ला उचलायला शिकवलं. "आजोबा, इट्स लुकिंग ॲट मी!" ती किंचाळायची, आणि बाबा म्हणायचे, "बघू दे. डोळा चकचकीत आहे म्हणजे ताजा आहे." कापणाऱ्या दांडग्याशी त्यांचं बोटांच्या खुणांनी चालायचं. एवढे तुकडे, डोकं वेगळं, आतली अंड्यांची गाबोळी टाकू नको. पुष्कळ दिवसांनी मी त्या माणसाला सहज विचारलं, चीनमध्ये कुठचे, तर तो हसत सुटला. तो मेक्सिकोचा होता. गल्ल्यावर बसणारी पन्नाशीची मालकीणसुद्धा चीनमध्ये कधी राहिलेली नव्हती. तिचं माहेर-सासर दोन्ही व्हिएतनामचं, तिथून होडीतून पळून आलेलं कुटुंब. मी हे बाबांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"मग बासष्टचं काय?"

"बासष्टमध्ये ही बाई व्हिएतनाममध्ये परकर-पोलकं घालून हुंदडत असेल, बाबा. उगाच महिनाभर तिच्यावर डूख धरलात."

"मी कुठे डूख धरला?" बाबा म्हणाले, आणि पुढच्या शनिवारी पहिल्यांदा त्या बाईला नमस्कार केला. तिनंही मान लववली.

मार्चमध्ये एकदा आमटी खाता खाता बाबा म्हणाले, "पुढच्या जानेवारीत येताना घरचं आगळ आणीन. हे इथलं कोकम म्हणजे नुसती सालं." मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून दोन मिनिटं उभी राहिले. पुढच्या जानेवारीत, असं ते आपणहून म्हणाले होते. मला वाटलं, जमलं.

आमच्या मराठी मंडळात ह्या दुकानाबद्दल काय बोललं जायचं ते मला ठाऊक होतं. "शी, तिकडे जाता तुम्ही?" "बेडूक असतात ना तिथे?" "मी तर म्हणतो कुत्रंपण असेल, आपल्याला काय कळतंय त्या पाट्यांवरचं." पुण्याच्या एका बाईंनी नाक मुरडून मला ऐकवलं की तिथली फरशी ओली असते. मी म्हटलं, "आणि तुमच्या मंडईत काय गालिचे अंथरतात? की अत्तर शिंपडतात?" हसण्यावारी गेलं. ह्या सगळ्यांना प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं ते स्वच्छ आणि उघड्यावर ठेवलेलं ते घाणेरडं असं वाटायचं. आणि हेच लोक सुट्टीत गावी गेले की उघड्यावरची पाणीपुरी खाऊन फोटो पाठवायचे. पण मी फार मनावर घेतलं नाही. ज्याची त्याची खोड.

मग सार्स आला. टीव्हीवर रोज तेच. तोंडाला फडकी बांधलेली माणसं, विमानतळ, आणि चीनमधल्या बाजारांचे तुकडे, पिंजऱ्यात कोंबलेले रानमांजरासारखे प्राणी. ती दृश्यं वाईट होती, मी नाही म्हणत नाही. त्या बाजारांतून तो आजार आला असेल असं तज्ज्ञ म्हणत होते आणि मी काही तज्ज्ञ नाही. पण तो बाजार तिकडे, हे दुकान इकडे, मध्ये आख्खा पॅसिफिक महासागर. आमच्या दुकानात रानमांजर सोडा, मांजरसुद्धा नव्हतं. तरी मंडळाच्या ई-मेल ग्रुपवर एक निरोप फिरला की कॅरीतल्या चिनी दुकानाच्या मालकिणीला सार्स झालाय आणि ते लपवून ठेवलंय. कुणी लिहिलं, कुणाला माहीत नाही; प्रत्येकाला दुसऱ्या कुणीतरी पाठवलेलं. मी उत्तर दिलं, "त्या बाईंनी काल मला स्वतःच्या हातानं सुटे पैसे दिले, त्या ठणठणीत आहेत." मला वाटलं, विषय मिटला. कशात काय! त्या एका ओळीनं मी सगळ्यांना सांगून टाकलं होतं की आम्ही अजून तिकडे जातो.

नवरा म्हणाला, "थोडे दिवस नको जायला का? लोक बोलतायत." मी म्हटलं, "लोकांच्या घरी आपण मासे पाठवतोय का?" बाबांना ह्यातलं काही माहीत नव्हतं. इंग्रजी बातम्या त्यांना भरभर कळायच्या नाहीत आणि मीही सांगितलं नाही.

एप्रिलच्या शेवटी मुलीचा पाचवा वाढदिवस होता. आठ घरांना बोलावणं होतं, सगळी मंडळातली, सगळ्यांची मुलं तिच्या बरोबरीची. शाकाहाऱ्यांसाठी मी छोले आणि पुलाव केला. बाबांनी जाहीर केलं की मासे खाणाऱ्यांसाठी जिताड्याचा मावसभाऊ त्यांच्याकडून, नातीच्या वाढदिवसाला मानाचा मासा झालाच पाहिजे. सकाळी दुकान उघडायच्या आधी आम्ही दाराशी उभे होतो. बाबांनी एवढा मोठा मासा निवडला की तो माझ्या कुठल्याच भांड्यात मावेना.

दुपारी बारापासून फोन वाजायला लागला. "अगं, ह्यांना जरा बरं नाहीये." "छोटीला ताप वाटतोय." "ऑफिसचं अर्जंट निघालंय, कॅन्सल करावं लागतंय, सॉरी हं." चौथ्या फोनला मला शंका आली. सहाव्याला खात्री पटली. शेवटचा फोन मंडळातल्या काकूंचा. ह्या काकू पंधरा वर्षं इथे राहिलेल्या, मंडळ त्यांच्या शब्दावर चाले. बाई वाईट नव्हत्या. माझ्या बाळंतपणात त्यांनी स्वतः डिंकाचे लाडू करून आणले होते. निदान त्यांनी खोटं तरी सांगितलं नाही.

"वाईट वाटून घेऊ नकोस. तुझे बाबा दर शनिवारी त्या दुकानात जातात ना, तिथल्या लोकांत मिसळतात. लहान मुलांचा प्रश्न आहे गं. त्यांचं वयही झालंय, त्यांनाच काही झालं असेल तर आपल्याला कसं कळणार? हे सगळं निवळू दे, मग आपण मोठी पार्टी करू."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्या बाबांमुळे?" मी ओरडले. "माझ्या बाबांमुळे माझ्या पोरीच्या वाढदिवसाला कुणी येत नाहीये? त्यांना साधी शिंक आली नाही दोन महिन्यांत! आजारी कोण, बाजार कुठला, आणि शिक्षा कुणाला? चोर सोडून संन्याशाला फाशी देताय तुम्ही!" आणखीही पुष्कळ बोलले. त्यातलं एकही अक्षर मला परत घ्यायचं नाही. फोन आपटून मी वळले तर बाबा दारात उभे होते. मराठीतच ओरडले होते मी. त्यांना सगळं कळलं होतं.

संध्याकाळी आम्ही चौघांनी केक कापला. मुलगी नव्या फ्रॉकमध्ये, डोक्यावर कागदी मुकुट, खिडकीतून रस्त्याकडे बघत होती. "व्हेअर इज एव्हरीबडी?" तिनं तिसऱ्यांदा विचारलं. नवरा म्हणाला, सगळ्यांना बरं नाहीये. "ऑल ऑफ देम?" ती म्हणाली, आणि मग ओठ काढून रडली. टेबलाच्या मधोमध तो मासा, कोथिंबीर-लिंबू लावून सजवलेला. बाबांनी त्याला हात लावला नाही. नवऱ्यानं, ज्याला माशाच्या वासानंही मळमळायचं, त्यानं एक तुकडा वाढून घेतला आणि खाल्ला. हे मी त्याचं कधी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा म्हणाले, "तिकिटाचं बघ."

"कसलं तिकीट? अजून दोन महिने आहेत."

"लवकरचं मिळतं का बघ."

मी समजावलं, रडले, भांडले. हे लोक गेले खड्ड्यात, म्हटलं, दुसरे मित्र करू. नवऱ्यानंही परोपरीनं सांगितलं. बाबा त्याला म्हणाले, "जावईबापू, तुम्ही फार केलंत. पण पोरीला इथेच वाढायचंय. तिला माणसं लागतील. मला काय लागतंय आता?" मी म्हटलं, मासे लागतात तुम्हाला! तर म्हणाले, "मासे काय, गावालाही असतात." तिथे ते बाजाराची पायरी चढत नव्हते हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

पुढचे तीन शनिवार ते घराबाहेर पडले नाहीत. जाण्याच्या आधीच्या शनिवारी मीच त्यांना म्हटलं, "चला. मला मासे खायचेत आणि मला निवडता येत नाहीत." माझी एक आशा होती. वाटलं, एकदा तिथे पाय टाकला की बेत बदलेल.

दुकान ओस पडलं होतं. टाक्या अर्ध्या रिकाम्या, बर्फावर चार-पाच जातींचेच मासे, ठोकळ्याशी कुणी नाही. त्या दांडग्याला कामावरून कमी केलं होतं. चिनी गिऱ्हाइकंसुद्धा तीनच, तीही तोंडाला पट्ट्या बांधून घाईघाईनं उरकत होती. बाबांनी एक मध्यम मासा निवडला आणि तो आख्खाच बांधून घेतला. गल्ल्यावर मालकिणीनं त्यांना ओळखलं. तिचा चेहरा खुलला. मोडक्या इंग्रजीत तिनं मला विचारलं, हे बरेच दिवस का आले नाहीत?

मी बाबांना सांगितलं. बाबांची पंचाईत झाली. खरं सांगायचं तर तिच्या दुकानाची बदनामी तिच्याच तोंडावर सांगायची. आपल्याकडे अशा वेळी जे सांगतात तेच त्यांनी सांगितलं, तेही स्वतःच्या इंग्रजीत, माझी वाट न बघता. "आय वॉज सिक," बाबा म्हणाले, छातीवर हात ठेवून, हसून.

बाई दचकली. पैसे घ्यायला पुढे केलेला हात तिनं चटकन मागे घेतला, आणि खुर्ची पायानं मागे ढकलली. बाबांचा हात पैसे धरून तसाच राहिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मी घाईघाईनं म्हटलं, नो नो, नॉट सिक, हे आपलं उगाच सांगतायत, आणि मग खरं काय ते तिला सांगितलं, वाढदिवसासकट. ती ऐकत राहिली. मान हलवत "सॉरी, सॉरी" म्हणाली, तिनं पैसे घेतले आणि आमच्या पिशवीत मुलीसाठी दोन संत्री टाकली.

गाडीत बाबा बराच वेळ हसत होते. मग म्हणाले, "बघितलंस, ती पण घाबरली. मग तुमच्या त्या काकूंना तरी कशाला बोल लावायचा?"

"लावायचाच!" मी म्हटलं. "हिला तुम्ही तोंडानं सांगितलंत आजारी होतो म्हणून, तेव्हा ती सरकली. खरं कळल्यावर हात पुढे केला की नाही? काकूंना कुणी काय सांगितलं होतं? साप साप म्हणून भुई धोपटतायत नुसत्या!"

"तुला वकील करायला हवं होतं," बाबा म्हणाले. बेत बदलला नाही. त्या आठवड्यात मी त्यांना विमानतळावर सोडलं. म्हटलं, जानेवारीत तिकीट पाठवते. ते म्हणाले, तब्येतीला जप. मी घरी येऊन त्यांच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि मोठ्यानं रडले.

उन्हाळा संपेपर्यंत सार्स कुठल्या कुठे गेला. टीव्हीवर दुसरं काहीतरी सुरू झालं. लोक पुन्हा आमच्याकडे यायला लागले, आम्हीही जायला लागलो. परक्या मुलखात किती दिवस तोंड फिरवून बसणार? वाढदिवसाबद्दल कुणी काही बोललं नाही.

ऑक्टोबरात काकूंचा फोन आला. त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं, मुलगी वसईची, आणि तिचे आई-वडील राहायला येणार होते. "त्यांना रोज मासे लागतात गं. इथल्या सुपरमार्केटातले काही त्यांना आवडायचे नाहीत. तुझे बाबा जायचे ना त्या चिनी दुकानात? चांगलं आहे का ते? म्हणजे, ताजे असतात ना?"

एप्रिलपासून माझ्याकडे ह्या बाईंसाठी शंभर उत्तरं तयार होती. मी त्यांना पत्ता सांगितला. शनिवारी सकाळी लवकर जा म्हटलं, उशिरा गेलं की उरलेसुरले मिळतात.

मग मी गावी फोन लावला. बाबांना सांगितलं, काकू आता त्याच दुकानात जाणार आहेत, व्याह्यांसाठी! मला वाटलं बाबा हसतील, निदान एक सणसणीत शिवी तरी देतील. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे आता पोरीच्या वाढदिवसाला सगळे येतील ना?"

"येतील, बाबा."

"मग झालं तर."

"म्हणून तर म्हणते, आता काही अडचण नाही. तुम्ही या. तिकीट काढते जानेवारीचं."

"आता कशाला गं?" बाबा म्हणाले. आवाज अगदी साधा होता, समजूत घातल्यासारखा. "आता तुमचं सगळं सुरळीत झालंय. मी आलो की पुन्हा कुणाला काहीतरी वाटेल. कशाला उगाच?"

"कशाला म्हणजे काय कशाला!" मी ओरडले. तर त्यांनी विचारलं, तिकडे थंडी पडली का.